एकशे सत्तावीस बैलांचं प्रमाण

आप्पासाहेबांनी आयुष्यात दोन गोष्टी मनापासून केल्या. वाळूजच्या कंपनीत चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि करमाडच्या सप्ताहात चाळीस वर्षं टाळ वाजवला. कीर्तनात महाराजांच्या मागं टाळकऱ्यांची जी रांग उभी असते ना, तिच्यात डावीकडून तिसरे म्हणजे आप्पासाहेब. महाराज एखादी गोष्ट सांगत, मग हात वर करून म्हणत, “प्रमाण!” आणि कुठल्यातरी संताचं वचन उचलत. ते वचन महाराजांच्या तोंडून पुरतं सुटायच्या आत मागच्या बारा जणांनी झेललेलं असे, आणि ते अशा गोडीनं घोळवून म्हणत की मंडपाच्या कडेला पेंगणारा म्हातारासुद्धा “खरंय बाबा, खरंय” म्हणत जागा होई. काय सुख असतं ते! ज्यानं अनुभवलं त्यालाच कळावं. पण ह्या सुखातून आप्पासाहेबांच्या डोक्यात एक समजूत घट्ट बसली. एक जण बोलला तर ते बोलणं. बारा जण बोलले तर ते प्रमाण.

ही समजूत मंडपात कुणाला त्रास देत नव्हती. विद्यापीठात तिनं घात केला.

झालं असं, की निवृत्तीनंतर आप्पासाहेबांनी जनसंवादाच्या एम. ए.ला नाव घातलं. त्यांच्या पत्नी आवडाबाई भाजी निवडत होत्या, त्यांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

“पत्रकार व्हायचं व्हय आता? आपल्या घरातली बातमी तुमाला शेजारून कळती!”

“अगं, शिकायला वय नसतं.”

“शिका की. पण एक सांगते. नापास झालात तर दुसऱ्या दिवशी माझ्या भावाच्या पिठाच्या गिरणीवर बसायचं. तो कवाचा माणूस हुडकतोय.”

आप्पासाहेबांना गिरणीत पाय ठेवल्या ठेवल्या लागोपाठ अकरा शिंका येत. बारावी येते का हे पाहायला ते कधी थांबले नव्हते. म्हणून दोन वर्षं त्यांनी जीव तोडून अभ्यास केला. नातवंडांच्या वयाच्या पोरापोरींत पहिल्या बाकावर बसले, प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणाले, सगळे पेपर सुटले आणि शेवटी राहिला तो लघुप्रबंध.

विषय त्यांच्या काळजातला होता. ‘ध्वनिक्षेपक आणि कीर्तन : करमाड गावाचा अभ्यास’. त्याचा सगळा डोलारा एका घटनेवर उभा होता. एकोणीसशे सत्तावन्न साली करमाडच्या सप्ताहात मराठवाड्यातलं पहिलं भोंग्यावरचं कीर्तन झालं. गावात वीज नव्हती. मोटारीच्या बॅटरीवर भोंगा चालवला, चिंचेच्या झाडाला बांधला, आणि महाराजांनी पहिलाच नामाचा गजर केला तेव्हा गावातले एकशे सत्तावीस बैल दावी तोडून थेट शेंद्र्यापर्यंत उधळले. करमाडात हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

मार्गदर्शक होत्या अश्लेषा मॅडम. वय बत्तीस, आवाज मऊ, लाल पेन तिखट.

“आप्पासाहेब, ह्या बैलांच्या खाली तळटीप दिलीय तुम्ही. काय लिहिलंय?”

“संदर्भ लिहिलाय, मॅडम.”

“वाचा बरं मोठ्यानं.”

“‘सगळ्या करमाडला माहीत आहे.’”

“आणि त्याखालची?”

“‘कित्ता.’”

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. “आणि ही तिसरी? ‘व्हॉट्सॲप, अनेकदा पुढे पाठवलेला संदेश’?”

“ते तर लई भारी हाय मॅडम. त्याच्यावर तसा शिक्काच येतो. म्हणजे बघा, कितीजणांनी वाचून पुढं दिला आसंल! पारायणच झालं की.”

मॅडमनी टेबलावरचं पेन परत उचललं. मग त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. कुणी लिहिलं? कधी लिहिलं? कशावरून लिहिलं? कशासाठी लिहिलं?

“ग्रंथालयात जा. छापील मजकूर शोधा. सापडलेल्या प्रत्येक स्रोताला हे चार प्रश्न विचारा. मला तीन स्रोत आणून द्या, पण एकमेकांचं पाहून न लिहिलेले. शुक्रवारी पाचपर्यंत. नाही मिळाले, तर ह्या वर्षी माझी सही नाही.”

सही नाही म्हणजे नापास. नापास म्हणजे गिरणी. आप्पासाहेबांना तिथंच बसल्या बसल्या नाकात हुळहुळलं.

सोमवारपासून त्यांनी ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात ठाण मांडलं. तिथले परिचर होते सांडू. चाळिशीचे, किरकोळ अंगाचे, मूळ कन्नड तालुक्याचे. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे आणून द्यायचं त्यांचं काम. एकेक गठ्ठा लग्नातल्या धान्याच्या पोत्यासारखा जड. ते तो टेबलावर असा आपटत की धुळीबरोबर शेजारच्या अभ्यासू पोरीही उठून जात.

“कशाचं हुडकताय, आप्पा?”

“करमाडच्या भोंग्याचं. मराठवाड्यातला पयला.”

सांडू हसले. “पयला? आमच्या कन्नडला त्याच्या आधी झाला व्हता.”

“कशावरून?”

“कशावरून म्हंजे? सगळ्या कन्नडला माहितीय.”

“तसलं चालत नाय,” आप्पासाहेब मोठ्या ऐटीत म्हणाले. “छापील दाखव. कुणी, कधी, कशावरून, कशासाठी.” चार दिवसांपूर्वी हे आपल्यालाच कुणीतरी म्हणालं होतं, हे ते पार विसरले होते. माणसाचं असंच असतं, देवा.

आणि बघा, पांडुरंगाची कृपा कशी! तीनच मागितले होते, गुरुवारी संध्याकाळपर्यंत सात सापडले. एका रविवार पुरवणीत अर्धं पान. एका दिवाळी अंकात लेख. निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलेल्या जिल्ह्याच्या वारशाच्या पुस्तकात चार ओळी. सप्ताहाची पुस्तिका. संगणकावर एका बातमीच्या संकेतस्थळाचं पान. नव्याण्णव सालच्या एका वर्तमानपत्रात चौकट. आणि सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे एक पीएच. डी.चा प्रबंध, काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा, इतका जाड की त्याच्यावर बसून जेवता आलं असतं. सातहीमध्ये चिंच होती, बॅटरी होती, आणि एकशे सत्तावीस बैल होते. एक कमी नाही, एक जास्त नाही.

आप्पासाहेबांनी सातही टेबलावर ओळीनं मांडले आणि दोन पावलं मागं सरून डोळे भरून पाहिलं. कीर्तनाला टाळकरी उभे राहिल्यागत दिसत होते. त्यांचे हात आपोआप टाळ धरल्यासारखे झाले.

“काय वाजवताय?” सांडू म्हणाले.

“सात प्रमाणं, सांडू! सात! तुज्या कन्नडचं एक तरी दाखव.”

सांडूंनी गठ्ठा उचलायचं सोडून उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. कन्नडची इभ्रत होती. एकेक पान बोटानं वाचत गेले, आणि त्यांच्या मिशीखाली हळूहळू हसू फुटलं.

“आप्पा, हे बैल दर पाच-सात वर्साला पुढं चाललेत.”

“काय म्हंतो?”

“बगा ना. नव्याण्णवला शेंद्र्यापर्यंत पळाले. दिवाळी अंकात चिकलठाण्यापर्यंत. पुरवणीत सिडकोपर्यंत. आन् ह्या जाड्या पुस्तकात ‘तत्कालीन शहराच्या मध्यवर्ती भागापर्यंत’. आजून एक पुस्तक निघालं तर आमच्या कन्नडात येतेत. चारा करून ठिवतो.”

“पळणारं जनावर हाय. कमीजास्त व्हतं.”

“आन् मोजले कुणी?”

“आं?”

“एकशे सत्तावीस. बैल उधळल्यावर माणूस त्याच्या मागं पळंल का मोजीत बसंल?”

आप्पासाहेबांनी पिशवी उचलली आणि घर गाठलं. पण शुक्रवारी सकाळी ते आले ते मॅडमचा चार ओळींचा कागद हातात धरूनच. कुणी, कधी, ह्यात अडचण नव्हती. ‘कशावरून’पाशी गाडी अडली. त्यांनी जाडा प्रबंध उघडला आणि तळटीप पाहिली. तिथं वारशाच्या पुस्तकाचं नाव होतं. वारशाच्या पुस्तकात मागं यादी होती, तिच्यात दिवाळी अंक होता. दिवाळी अंकातल्या लेखकानं मोकळ्या मनानं म्हटलं होतं की ही हकिगत त्याला सप्ताहाच्या पुस्तिकेत वाचायला मिळाली. पुरवणीनं दिवाळी अंकातले दोन परिच्छेद, बैलांची धाव तेवढी वाढवून, तसेच्या तसे उचलले होते, ‘दावी’चं ‘दाबी’ झालेलं होतं तेसुद्धा. संकेतस्थळानं पुरवणी उचलली होती, त्या ‘दाबी’सकट. पुस्तिकेनं वर्तमानपत्राची चौकट छापली होती. आणि चौकटीखाली बारीक अक्षरांत होतं : ‘साभार, सप्ताह स्मरणिका, १९९६.’

म्हणजे हे सात जण एकमेकांना चांगलेच ओळखत होते. एकाच ताटात जेवले होते म्हणा ना.

“असंना,” आप्पासाहेब स्वतःशी पुटपुटले. “स्मरणिका तर पक्की आसंल. एक मिळाला तरी मूळ मिळाला.”

स्मरणिका तळघरातल्या कपाटात निघाली. सांडूंनी ती फुंकर मारून दिली आणि ते वरच्या मजल्यावर कुणाच्यातरी हाकेला गेले. चाळीस पानांचं पातळ चोपडं, मुखपृष्ठावर मंदिराचा कळस. अडतिसाव्या पानावर तो लेख होता, अर्ध्या पानाचा. ‘भोंग्याची नवलाई’. लेखक, ‘एक टाळकरी’.

आप्पासाहेबांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तिसऱ्या ओळीला त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

एकदम सगळं आठवलं. कंपनीचं कँटीन, जेवणाची सुट्टी, ताटात शेवग्याची आमटी. स्मरणिकेचे संपादक स्कूटरवरून वाळूजला आले होते. म्हणाले होते, “आप्पासाहेब, एका खतवाल्यानं ऐनवेळी जाहिरात काढली. अर्धं पान मोकळं राहतंय. काहीबी लिवा, पण आत्ता लिवा, छापखाना थांबलाय.” आप्पासाहेबांना एवढंच ठाऊक होतं की चुलते एकदा कधीतरी भोंग्याबद्दल काहीतरी म्हणाले होते. बाकीचं त्यांनी आमटी गार व्हायच्या आत उभं केलं. साल घातलं. चिंच लावली. बैल उधळवले. किती बैल, असा विचार करता करता खिशाला लावलेल्या कंपनीच्या बिल्ल्याकडं नजर गेली. त्यांचा टोकन नंबर होता एकशे सत्तावीस.

मग तीस वर्षं लोक त्यांना ती गोष्ट सांगत राहिले आणि ते माना डोलवत ऐकत राहिले. इतक्या जणांच्या तोंडून ऐकली की आपण लिहिली होती हेच मनातून पुसलं गेलं.

जन्मभर हा माणूस महाराजांच्या मागं उभा राहून दुसऱ्याचं वचन म्हणत आला. एकदाच पुढं उभा राहिला, तोही असा! आणि मागं टाळकरी मिळाले ते तर काय, एक पीएच. डी.वाला, एक मुख्याध्यापक!

घड्याळात साडेचार झाले होते.

आता खरी परीक्षा. स्मरणिकेतल्या लेखावर नाव नव्हतं. तिची प्रत एकच होती. सातांतले तीन निवडून मॅडमच्या पुढं ठेवले, चौकटीखालची बारीक अक्षरं सांगितली नाहीत, तर सही पक्की, गिरणी टळली. पांडुरंग काही वर्गात हजेरी घेत नाही. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि काय करतोय हे कळायच्या आत आप्पासाहेबांनी स्मरणिका खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

सांडू आले. “आप्पा, ते चोपडं कुठंय? परत ठिवायचंय.”

“कोणतं?”

“आत्ता दिलेलं. स्मरणिका.”

“आसंल इथंच.”

सांडूंनी टेबलावर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, जाडा प्रबंध उचलून त्याच्या खाली पाहिलं. “उठा जरा.”

“गुडघा धरलाय.”

“सकाळी तर तीन जिने चढून आलात!”

“म्हणूनच धरलाय.”

सांडू कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तेवढ्यात दारातून मऊ आवाज आला, “मिळाले का, आप्पासाहेब?” अश्लेषा मॅडम स्वतःच आल्या होत्या. हातात परत करायची दोन पुस्तकं, पर्सला अडकवलेलं लाल पेन. टेबलावरची सात जणांची रांग पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्या एकेक उघडून पाहत गेल्या. चौकट वाचली. बारीक अक्षरंही वाचली. त्यांच्या नजरेतून काय सुटणार!

“हं. म्हणजे सगळे एकाच स्मरणिकेवरून. पण हे पाहिलंत का तुम्ही? एकशे सत्तावीस! आकडा किती नेमका आहे. इतका नेमका आकडा माणूस उगाच लिहीत नाही. ज्यानं लिहिलं, त्यानं पाहिलं असणार, नाही तर पाहणाऱ्याकडून ऐकलं असणार. ह्या लेखकाला शोधा, आप्पासाहेब! तो जिवंत असेल ना, तर बाकी काही नको. तुमच्या कामाचं सोनं होईल.”

 चाळीस वर्षांची कीर्तनं अशी वेळ पाहून आठवतात. किती महाराजांनी किती तऱ्हेनं सांगितलं होतं, खोट्याला एक सोडून दहा तोंडं असतात, खऱ्याला एकच, आणि ते आपलंच असतं. आप्पासाहेबांनी ते दर वेळी टाळाच्या ठेक्यावर गोड गळ्यानं म्हटलं होतं. आज पहिल्यांदा ठेका नव्हता.

“जिवंत हाय, मॅडम.”

“खरंच? कुठं असतात?”

“हितंच.”

“शहरात?”

“ह्या खुर्चीवर. स्मरणिकेवर बसलाय.”

आणि ते उठले.

स्मरणिकेला बाक आला होता. सांडूंनी ती दोन बोटांनी उचलली. आप्पासाहेबांनी कँटीन सांगितलं, आमटी सांगितली, खतवाल्याची जाहिरात सांगितली, बिल्ला सांगितला. काही ठेवलं नाही. मॅडम ऐकत होत्या. बिल्ल्यापर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला.

“पण आप्पासाहेब, टोकन नंबरच का? सरळ सव्वाशे लिहायचं.”

“सव्वाशे खोटं वाटलं आसतं, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढला आणि टेबलावर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. आधी आप्पासाहेबांना वाटलं, पोर रडतेय. मग तोंड दाबलेलं हसू बाहेर आलं आणि सगळ्या नियतकालिक विभागात घुमलं. शांतता राखा, अशी पाटी मागं होतीच.

हसून झाल्यावर मॅडमनी डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाल्या. “ह्या प्रबंधावर मी सही करणार नाही.”

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. “बरोबर हाय, माऊली.” नाकात हुळहुळायला लागलं होतं.

“ह्यावर नाही. विषय बदला. अहो, तुम्हाला कळतंय का तुमच्या हाताला काय लागलंय? एक खोटी हकिगत जेवणाच्या सुट्टीत जन्माला येते आणि तीस वर्षांत सात ठिकाणी खरी होते. तिचं प्रत्येक पाऊल छापील आहे. आणि जन्मदाता हजर आहे, कबूल आहे! असा पुरावा कुणाला मिळत नाही. अर्ज लिहा, विषयबदल आणि दीड महिन्याची मुदत. मी त्यावर सही करते. फक्त एक. मूळ स्रोताची सविस्तर मुलाखत लागेल.”

“मी घेतो की.”

“तुमची तुम्हीच कशी घ्याल? दुसरं कुणीतरी हवं. ज्याला तुमच्याबद्दल ममता नाही असं.”

सांडूंनी स्मरणिका खाली ठेवली आणि शर्टाची कॉलर नीट केली. “मी मोकळाच हाय, मॅडम.”

मॅडमनी आवाजनोंद सुरू करून मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला. सांडू समोरच्या खुर्चीवर बसले, पाय पसरून, जणू कन्नडच्या आठवडी बाजारात बैलाचे दात बघायला आलेत.

“नाव?”

“तुला म्हाईत नाय व्हय?”

“ऐकीव चालत नाय. नाव सांगा.”

आप्पासाहेबांनी नाव सांगितलं, वय सांगितलं, गाव सांगितलं.

“खोटं लिवताना लाज वाटली का?”

“आमटी गार व्हत व्हती.”

“पुढचा सवाल. सत्तावन साली करमाडला भोंग्यावर कीर्तन झालं व्हतं का नव्हतं?”

आप्पासाहेबांनी छताकडं पाहिलं. चुलत्यांचा चेहरा आठवून पाहिला. चिंच आठवून पाहिली. ती चिंच गावात कुठं होती, हेच आठवेना. “मला म्हाईत नाय,” ते म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी ते परत एकदा म्हटलं. “मला खरंच म्हाईत नाय.”

“हे लिहून घ्या,” मॅडम अर्जावर सही करता करता म्हणाल्या. “आठवड्यात मिळालेलं पहिलं खात्रीचं वाक्य आहे.”

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर येऊन आप्पासाहेबांनी घरी फोन लावला. आवडाबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला. वाट पाहत असणार.

“झाली का सही?”

“झाली आन् नाय बी. दीड महिना वाढवून दिलाय.”

“वाढवून? कशापायी?”

 आज खरं बोलायचा दिवस होता, तेव्हा एकदाच काय ते होऊन जाऊ दे. “तीस वर्सांमागं खोटं लिवलं व्हतं म्हणून. मॅडम म्हणल्या, लई मोलाचं खोटं हाय, ह्याच्यावर अभ्यास झाला पायजे.”

पलीकडं आधी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग आवडाबाई म्हणाल्या, “त्या मॅडमला घरी जेवायला बोलवा.”

“कशाला?”

“कशाला म्हंजे? तुमच्या तीस वर्सांच्या खोट्याचं त्यांना एवढं कौतुक, तर माज्याकडं पस्तीस वर्सांचं हाय. सगळं तारीखवार हाय. आन् त्यातलं एक बी मी कुणाचं पाहून सांगत नाय.”